बोरी-बाभळी

मिरजेची आली ती कुकर घेऊन. तीन लिटरचा, बुडाशी काळवंडलेला, मुठीचा स्क्रू ढिला झालेला. रात्रभर एसटीत तो मांडीवर घेऊन बसली होती. वरच्या फळीवर ठेवला तर झाकण वाजतं आणि लोकांची झोप मोडते म्हणून. स्वारगेटला उतरून रिक्षाने थेट वारज्याला. मी दार उघडलं तेव्हा सकाळचे सहाही वाजले नव्हते. तिने माझ्याकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेल्या गाद्या पाहिल्या, सुतळीने बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे पाहिले आणि म्हणाली, "डाळ-तांदूळ आहेत ना घरात? मग सरक."

मे 2022 मधली ही गोष्ट. दोनच दिवसांपूर्वी मी आणि माझी लेक त्या भाड्याच्या वन बीएचकेत राहायला आलो होतो. एकोणीस वर्षांच्या संसारातून मी लेकीचं टेबल, माझी पुस्तकं, दोन गाद्या आणि चार ताटं एवढंच आणलं होतं. कुकर तिकडेच राहू दे, असं मीच म्हणाले होते. भांडी वाटून घ्यायची ही कल्पनाच मला सोसत नव्हती. दोन दिवस आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या गाडीवरचे पोहे आणि ब्रेड खात होतो. हे मी मिरजेचीला सांगितलं नव्हतं. तिने फोनवर "जेवलात का गं?" एवढंच विचारलं होतं आणि मी "हो" म्हणाले होते. त्या "हो"मध्ये तिला काय ऐकू आलं, कोण जाणे. "माझ्या लग्नात आहेरात दोन आले होते," ती कुकरची रिंग बसवत म्हणाली, "एक असाच पडून असतो." तो पडून नसायचा, हे त्याच्या बुडाकडे बघूनच कळत होतं.

तिसरी शिट्टी झाली तशी लेक डोळे चोळत बाहेर आली. "मावशी, तू कधी आलीस?" दोन दिवसांत तिने स्वतःहून उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती तिची. त्या सकाळी आम्ही तिघी जमिनीवर बसून साधं वरण, भात, तूप आणि आईने पाठवलेलं लोणचं जेवलो. सकाळी साडेसहा वाजता.

मैत्रिणींची नावं इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. एक मिरजेची, एक कोथरूडची आणि वरच्या मजल्यावरच्या काकू. बाकीही होते, पण पुढच्या दीड वर्षात ज्यांच्या अंगावर मी खरोखर भार टाकला त्या या तिघी.

भार टाकायला मला फार उशीर झाला होता. आमच्या घरात "झाकली मूठ सव्वा लाखाची" हे वाक्य रोज कुणी म्हणत नसे, पण वागणं सगळं त्यावरच बेतलेलं होतं. घरातलं घरात ठेवायचं, उसनं मागायचं नाही, दुखलं खुपलं तर देवापाशी बोलायचं. त्यामुळे घर सोडण्याआधीचे आठ महिने, म्हणजे आमचं दोघांचं बोलणं फक्त दुधाचं बिल आणि लेकीच्या क्लासच्या वेळा इतकंच उरलं होतं तेव्हा, मी आपणहून कुणालाही काही सांगितलं नाही. शाळेत मराठी शिकवते मी. वर्गात उभी राहून रसग्रहण समजावून सांगायचे आणि मधल्या सुट्टीत डबा तसाच मिटून ठेवायचे. तो मिटलेला डबा कोथरूडचीने पाहिला. ती आमच्याकडे विज्ञान शिकवते. आठवडाभर काही बोलली नाही. मग एका दुपारी गुणपत्रिकांचा ढीग समोर असताना खुर्ची ओढून म्हणाली, "पाचवा दिवस आहे. काय झालंय?"

"आम्ही वेगळे होतोय," मी म्हणाले.

ते वाक्य पहिल्यांदाच माझ्या तोंडून बाहेर पडलं. त्यात "आम्ही" होतं. त्यानंतर तो आणि मी असे दोघं मिळून "आम्ही" मी फार थोड्या वेळा म्हणाले असेन, आणि ते बहुतेक वकिलांसमोर. कोथरूडचीने माझ्या डब्याचं झाकण काढलं, पोळीचा तुकडा तोडला, भाजी लावून माझ्या हातात ठेवला. स्टाफरूममध्ये आणखी सहाजणी होत्या. तिने कुणाकडेही पाहिलं नाही.

माझ्या आजीचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. पाऊस तिकडे दुरून बघायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलं की बांधाबांधाला बोरी आणि बाभळी. दुसरं झाड क्वचित. आजीच्या सोप्यात जातं होतं. गिरणी आली तरी कण्या-भरड त्याच्यावरच निघायची. पहाटे शेजारची आत्या यायची आणि दोघी समोरासमोर बसायच्या, पाय पसरून. एकाच खुंट्यावर वर-खाली दोघींच्या मुठी. अर्धा वेढा आजी ओढायची, अर्धा आत्या. मोकळ्या हाताने आजी वैरण घालायची, म्हणजे जात्याच्या तोंडात मुठीमुठीने दाणे. एकटीनेही जातं ओढता येतं, पण त्याने खांदा भरून येतो आणि ओवी म्हणायला दम उरत नाही. दोघी असल्या की एक ओळ हिची, दुसरी तिची. मी आजीच्या मांडीला डोकं लावून पडलेली असायचे आणि घरघर थेट कानाच्या हाडात शिरायची.

त्या ओव्यांमध्ये भाऊ असायचा, लेक असायची, विठ्ठल असायचा, आणि असायची शेजी. शेजी म्हणजे शेजारीण, पण शेजारणीपेक्षा पुष्कळ जवळची. आणि सीता असायची. रामाची नव्हे, रामाने वनात धाडलेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांच्या सोबतीने, जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या त्या बाईच्या आवाजात ऐकता येतात. त्या वर्षी रात्री झोप लागत नसे तेव्हा मी त्या ऐकत बसायची. सीतेच्या वनवासावर केवढ्या ओव्या आहेत! नवऱ्याने टाकलेल्या, सासरी छळ सोसलेल्या कितीतरी बायकांनी तिचं दुःख दळलंय. आणि त्यांतच आजीकडून ऐकलेली एक गोष्ट पुन्हा भेटली. लक्ष्मण तिला अरण्यात सोडून गेला, ती रडू लागली, तेव्हा तिची समजूत घालायला कोण आलं? देव नाही, ऋषी नाही. बोरी आणि बाभळी बायका होऊन तिच्यापाशी आल्या.

लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नव्हतं; आमच्या बांधावर तीच झाडं होती. आता वाटतं, त्या बायकांना चंदन, चाफा, वड काहीही म्हणता आलं असतं. त्यांनी बोर आणि बाभूळ म्हटलं. काटेरी, पाण्यावाचून जगणारी, कुणी मुद्दाम न लावलेली. सीतेजवळ कोण येतं हे त्यांना ठाऊक होतं.

काटा कोथरूडचीला होताच. नव्या घरातल्या पहिल्या महिन्यात मी लेकीजवळ फार बोलू लागले होते. रात्री दिवा मालवला की मी सांगत सुटायची: तुझ्या बाबांनी तेव्हा असं केलं, तेव्हा मी असं म्हणाले. ती ऐकायची. सोळा वर्षांची मुलगी, ऐकण्यावाचून काय करणार? मी हे कोथरूडचीला सांगितलं, काहीशा अभिमानानेच, की आता लेक माझी मैत्रीण झालीय. ती एकदम थांबली. "नाही," म्हणाली, "तुझी मैत्रीण मी आहे. ती तुझी मुलगी आहे आणि त्याचीही आहे. रडायचं तर माझ्यापाशी रड, तिच्यापाशी नको. रात्री दोनला फोन कर, पण तिला जागवू नकोस." मला राग आला. आठवडाभर मी तिच्याशी तुटकच बोलले. पण त्या दिवसापासून दिवा मालवल्यावर गप्प बसले. लेक रविवारी बाबांकडे जायची. संध्याकाळी परत आली की तिथे काय खाल्लं एवढंच विचारायचे. आज ती दोघांशीही नीट बोलते. त्यातला मोठा वाटा त्या काट्याचा आहे, असं मी मानते.

घर शोधतानाही तीच बरोबर होती. अकरा महिन्यांचा करार करायचा, तर एजंट आधी विचारायचा, "मिस्टर काय करतात?" चौथ्या ठिकाणी माझा आवाज कापला तेव्हा ती म्हणाली, "भाडं या भरणार आहेत. पगाराची स्लिप दाखवू का?"

वरच्या मजल्यावरच्या काकू बहात्तर वर्षांच्या. एकट्या राहतात. त्यांनी वर्षभरात मला एकही प्रश्न विचारला नाही. जिन्यात भेटल्या की, "पाणी उद्या उशिरा येणार आहे, भरून ठेव" असलंच काही बोलणं. जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं त्यांच्याकडे. मला वाटलं, मला बोलावणार नाहीत. बोलावलं तरी मी काय करू? नवरा असून नसलेली बाई हळदीकुंकवात कुठे बसते, हे आमच्याकडे कुणी ठरवलेलं नाही आणि तरी सगळ्यांना ठाऊक असतं. आदल्या संध्याकाळी काकू स्वतः खाली आल्या. दारातच उभं राहून म्हणाल्या, "उद्या पाचला ये. तिळगूळ आणि वाण सगळ्यांना आहे. कुंकू लावायचं की नाही, ते तू ठरव. मी गेली नऊ वर्षं माझं मी ठरवते." त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली आहेत, हे मला तेव्हा कळलं. मी गेले. कुंकू लावून घेतलं. वाण म्हणून एक गाळणी मिळाली, ती मी रोज वापरते.

सगळेच असे नव्हते. दर महिन्याच्या एका रविवारी चार जोडपी मिळून आम्ही न्याहारीला जमायचो, पंधरा वर्षं. ते सगळं एका महिन्यात संपलं. कुणी भांडलं नाही, फक्त बोलावणं थांबलं. एका घरातून माझं बोलणं त्याच्याकडे आणि त्याचं माझ्याकडे, तिखटमीठ लावून, पोचवलं जात होतं. या मंडळींवर मला आता राग नाही, पण दुःख आहे. नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा दोघांनी मिळून जोडलेली माणसंही तुटतात, आणि त्याबद्दल कुणी कुणाला भेटायला येत नाही.

कायद्याने आम्हाला थांबायला सांगितलं होतं. परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायची सोय हिंदू विवाह कायद्यात 1976 मध्ये आली, कलम 13 ब. किमान एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं आणि पुन्हा दोघांनी मिळून सांगायचं की आमचा निर्णय कायम आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे सहा महिने सक्तीचे नाहीत; दीड वर्ष होऊन गेलं असेल, समेटाचे सगळे प्रयत्न संपले असतील, पोटगी आणि मुलांचं ठरलेलं असेल, तर न्यायालय ते माफ करू शकतं. आम्ही जून 2023 मध्ये अर्ज केला तेव्हा वेगळं होऊन तेराच महिने झाले होते. म्हणून थांबणं आलं. वकीलबाई म्हणाल्या, "हा विचार करायला दिलेला वेळ असतो." विचार दोघांचाही झालेला होता. पण ते सहा महिने जगून काढायचे होते, आणि ते कसे काढायचे हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही.

ते मी मिरजेचीच्या आवाजावर काढले. रोज रात्री दहाला फोन. कधी वीस मिनिटं, कधी तासभर. तेच तेच बोलायची मी. पहिल्यांदा बोलणं कधी थांबलं, तेव्हा मी काय बोलायला हवं होतं, माझं काय चुकलं. तिने एकदाही "हे सांगितलंस तू" असं म्हटलं नाही. मधूनच तिच्याकडे भांडी घासल्याचा आवाज यायचा, नळ बंद व्हायचा, "हं, मग?" म्हणायची. मी दाणे घालत होते आणि ती ओढत होती.

ऑक्टोबरात एका रात्री तिने फोन उचलला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने उचलला आणि सांगितलं की तिच्या वडिलांना पुन्हा दवाखान्यात ठेवलंय. पुन्हा! मी विचारलं, पुन्हा म्हणजे? ते गोंधळले. "तुम्हाला माहीत असेल असं वाटलं. जुलैपासून डायलिसिस चालू आहे."

जुलैपासून. म्हणजे शंभरएक रात्री मी तिच्याशी बोलले होते आणि त्यांतल्या एकाही रात्री तिला विचारलं नव्हतं की तुझं कसं चाललंय. विचारलं असेल तरी उत्तराची वाट पाहिली नसेल. तिचे भाऊ परदेशात. आठवड्यातून दोनदा वडिलांना नेणं-आणणं तीच करत होती, आणि रात्री दहाला माझ्यासाठी फोनपाशी बसत होती. मी खूप वेळ हातातल्या मोबाइलकडे बघत बसले. शरम वाटली. अशी शरम मला घटस्फोटाच्या अर्जावर सही करतानाही वाटली नव्हती.

दिवाळीची सुट्टी लागली त्या दिवशी लेकीला घेऊन मी कोयना एक्स्प्रेसने मिरजेला गेले. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलेली. केस बांधलेले नाहीत, पायात दोन वेगळ्या चपला. मला बघून म्हणाली, "अगं, तुझंच एवढं चाललंय, तू कशाला आलीस?" मी काही बोलले नाही. डब्यातून भात काढला, आमटी कालवली. ती जेवली. मग माझ्या खांद्याला डोकं लावलं आणि बोलता बोलता झोपली. दुपारचे तीन वाजले होते. व्हरांड्यातून ट्रॉल्या जात होत्या, कुणाचं तरी बाळ रडत होतं. तिच्या केसांना औषधांचा वास येत होता. दहा मिनिटांनी माझ्या हाताला मुंग्या आल्या, मग हात जड झाला, मग मला तो जाणवेनासाच झाला. मी हलले नाही. पाऊण तास. दीड वर्षात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं.

तिथे राहिले त्या रात्री मी तिच्या घरी भांडी घासली. दहा वाजले तसं माझ्याच तोंडून निघालं, "हं, मग?" ती हसली आणि वडिलांबद्दल बोलू लागली, साडेबारापर्यंत.

तेव्हापासून आमचा एक नेम आहे. फोन जिचा येईल तिने आधी ऐकायचं.

त्याच सुट्टीत मी रखमाबाईंबद्दल पुन्हा वाचलं. वर्गात त्यांच्याविषयी सांगताना मी नेहमी एकटी, ताठ उभी राहिलेली तरुणी डोळ्यांपुढे आणायचे. अकराव्या वर्षी लग्न, नांदायला जायला नकार, 1884 मध्ये नवरा दादाजी भिकाजी न्यायालयात गेला, आणि 1887 मध्ये निकाल लागला की नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात. तुरुंग पत्करते, असं त्या म्हणाल्या. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. मग लंडनला जाऊन 1894 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. हे सगळं खरं. पण त्यांच्या खटल्यासाठी लोकांनी समिती स्थापन केली होती, कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या आणि विलायतेच्या शिक्षणालाही त्यांचा हात लागला, हे मी मुलांना सांगत नसे. त्याने रखमाबाई लहान होतील असं मला वाटायचं बहुधा. आता सांगते. पीचीबाई स्वतः एडिंबरोत बायकांना वैद्यक शिकू द्यावं म्हणून झगडलेल्या सातजणींपैकी. काट्यांतून आलेलं माणूस ते.

डिसेंबरात दुसरी तारीख लागली. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात कोथरूडची बरोबर आली, रजा टाकून. आत तिला येता येत नव्हतं. माझी पर्स, पाण्याची बाटली आणि शाल घेऊन ती बाहेर बाकावर बसली. आत न्यायाधीशांनी दोघांनाही विचारलं, स्वखुशीने ना? दबाव नाही ना? दोघांनीही स्वखुशीने म्हटलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आले तेव्हा ती उभी राहिली आणि शाल माझ्या खांद्यावर घातली. थंडी नव्हती.

जिना उतरताना खाली फाटकाशी त्याचा मित्र दिसला. दोन हेल्मेटं हातात धरून उभा होता. मला बघून त्याने मान लववली. मला फार बरं वाटलं. त्या दीड वर्षात मला रात्री अपरात्री एक काळजी असायची, की हा कुणाशी बोलत असेल? पुरुषांना ती सवय नसते. तो वाईट माणूस नव्हता, आमचं जमलं नाही. त्याच्यासाठी कुणीतरी दुसरं हेल्मेट घेऊन आलं होतं. मी ते कोथरूडचीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बघितलं मी. मघापासून उभा आहे. मीच त्याला चहा नेऊन दिला."

मिरजेचीचे वडील पुढच्या वर्षी गेले. मी तेरा दिवस तिथे होते. शाळेने रजा दिली. आजीचं जातं आता माझ्या भावाच्या घरी अंगणात आहे, त्याच्यावर कुंडी ठेवली आहे. खुंटा कधीच हरवला. लेक आता पुण्याबाहेर शिकते. तिने तिकडे खोली घेतली तेव्हा पहिला फोन मला नाही, तिच्या एका मैत्रिणीला केला. मला ते कळलं आणि मी निर्धास्त झाले.

कुकर अजून माझ्याकडेच आहे. मागच्या महिन्यात रिंग बदलली, मुठीचा स्क्रू बोहरी आळीतून आणून घट्ट बसवून घेतला. मिरजेची मे महिन्यात येणार आहे. मी म्हटलं, येशील तेव्हा घेऊन जा तुझा कुकर. ती म्हणाली, "राहू दे. गाडी सहाला पोचते, डाळ टाकून ठेव."